लंडन की पॅरिस? चौरस किलोमीटरच्या आकड्यानं घाबरलेल्या मैत्रिणीस

ताई,
नवऱ्याला कंपनीकडून तीन वर्षांसाठी बदली मिळते आहे. लंडन किंवा पॅरिस, एक निवडायचं आहे आणि हाताशी महिना आहे. लंडनचं ऑफिस लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनजवळ, पॅरिसचं गार द लिओं स्टेशनजवळ. मुलगी सात वर्षांची, मुलगा दोन वर्षांचा. पहिलं वर्ष तरी मी घरीच असेन. मला गर्दीचा खरोखर त्रास होतो. भरलेल्या डब्यात श्वास कोंडतो, तळव्यांना घाम सुटतो. म्हणून मी दोन्ही शहरांचे आकडे काढले. पॅरिसमध्ये एका चौरस किलोमीटरला २०,००० माणसं, लंडनमध्ये ५,६००. साडेतीन पट फरक! मी लगेच ‘लंडन’ म्हणून टाकलं. नवरा म्हणतो, आकड्यावरून शहर ठरवू नये. मग कशावरून ठरवावं, ते मात्र त्यालाही सांगता येत नाही. घरभाड्यासाठी कंपनी दोन्हीकडे साधारण सारखीच रक्कम देईल. मला फ्रेंच येत नाही. आणि एक शेवटचं : मुलगी नुकतीच दोन चाकांवर सायकल चालवायला शिकली आहे. ती सुटता कामा नये, ही तिची अट.
– आकड्यांत अडकलेली

प्रिय मैत्रिणी,

तुमचे आकडे चुकलेले नाहीत. पॅरिसची लोकसंख्या साधारण २१ लाख आणि क्षेत्रफळ १०५ चौरस किलोमीटर. लंडनची लोकसंख्या २०२१च्या जनगणनेत ८८ लाख आणि क्षेत्रफळ १,५७२ चौरस किलोमीटर. भागाकार केला की २०,००० आणि ५,६०० येणारच. तुम्ही भागाकार नीट केलात, पण भाजकाकडे बघितलं नाहीत. लंडनच्या माणसांना तुम्ही पंधरा पट मोठ्या जमिनीनं भागलंत. आणि ती जमीन कुठपर्यंत धरायची, हे तिथल्या रहिवाशांनी नव्हे, सरकारांनी आपापल्या सोयीनं ठरवलेलं आहे.

पॅरिसची हद्द वाढली ती १८६० मध्ये. भोवतालची गावं शहरात घेतली आणि बारा वॉर्डांचे वीस झाले. या वॉर्डांना तिथे आरोंदिसमाँ म्हणतात. पुढे दोन्ही टोकांची दोन मोठी वनं शहरात जोडली गेली, बाकी रेघ जवळजवळ जिथल्या तिथे आहे. १९७३ मध्ये पूर्ण झालेल्या पेरिफेरिक नावाच्या वर्तुळाकार महामार्गानं तर ती रेघ काँक्रीटमध्येच ओतली. तिच्याबाहेर लाखो माणसं राहतात, पॅरिसमध्ये कामाला येतात आणि स्वतःला पॅरिसचीच समजतात, पण तुमच्या भागाकारात ती नाहीत. लंडनचं उलट झालं. १९६५ मध्ये ‘ग्रेटर लंडन’ केलं तेव्हा दूरदूरची उपनगरं, त्यांच्यामधली शेतं, गोल्फची मैदानं, रानं असं सगळं पोटात घेतलं. आजही ग्रेटर लंडनची सुमारे २२ टक्के जमीन ‘ग्रीन बेल्ट’ आहे, म्हणजे तिथे घरं बांधायला जवळजवळ मनाईच. शहराच्या आग्नेय टोकाला असलेल्या ब्रॉमलीत गायी चरताना दिसतात, आणि त्या कुरणांनीसुद्धा तुमचा ५,६०० हा आकडा खाली आणलेला आहे.

रेघ हलवली की बघा काय होतं. लंडनचा फक्त आतला भाग घेतला तर ३१९ चौरस किलोमीटरमध्ये ३४ लाख माणसं, म्हणजे घनता १०,६०० च्या पुढे. पॅरिस आणि लगतची उपनगरं मिळून जी महानगर संस्था आहे तिचं क्षेत्र ८१४ चौरस किलोमीटर, लोकसंख्या ७० लाखांच्या वर. घनता ९,००० च्याही खाली येते. आणि ज्या प्रांतात पॅरिस आहे तो अख्खा इल-द-फ्रान्स घेतलात तर चौरस किलोमीटरला कशीबशी हजार माणसं! नाव दर वेळी पॅरिसचंच. सारख्याला सारखं लावलं तर पॅरिस लंडनपेक्षा दाट आहे, हे मी नाकारत नाही. पण साडेतीन पट हा फरक तुम्हाला रस्त्यावर कुठेच सापडणार नाही.

आता सरासरी सोडून तुम्ही प्रत्यक्ष कुठे राहाल ते धरू. लिव्हरपूल स्ट्रीटला जायला सोपं आणि दोन मुलांच्या कुटुंबाला परवडेल असं घर तुम्ही बहुधा शहराच्या पूर्वेला, न्यूअमसारख्या बरोत (लंडनच्या वॉर्डांना बरो म्हणतात) शोधाल. न्यूअमची घनता आहे ९,७०० च्या आसपास. गार द लिओं स्टेशन ज्या वॉर्डात येतं तो पॅरिसचा बारावा. तिथे १६ चौरस किलोमीटरमध्ये सुमारे १ लाख ४० हजार माणसं, म्हणजे घनता साडेआठ हजारांच्या आसपास. वाचलंत? कागदावर तुमचं लंडन तुमच्या पॅरिसपेक्षा दाट निघालं. अर्थात यात एक मेख आहे, आणि ती लपवणं बरोबर नाही. बाराव्या वॉर्डाच्या हद्दीत बुआ द व्हँसेन हे प्रचंड वन येतं. ते वजा केलं तर राहत्या भागाची घनता २२,००० च्या घरात जाते. तुम्ही राहाल त्या २२,००० मध्ये आणि संध्याकाळी मुलांना घेऊन जाल त्या वनात. मग तुमची घनता नेमकी कोणती धरायची?

त्या वनाच्या उत्तरेला, पॅरिसच्या रेघेबाहेर, व्हँसेन नावाचं छोटं शहर आहे. किल्ला, झाडं, शनिवारी मुलांना घेऊन फिरणारे आईबाप. पॅरिसमधली कुटुंबं ‘जरा मोकळं हवं’ म्हणून तिकडे जातात. त्या मोकळ्या व्हँसेनची घनता २५,००० च्या आसपास आहे, पॅरिसच्या सरासरीहून जास्त. आणि लंडनच्या पोटातली जुनी ‘सिटी’, जिथे सकाळी फुटपाथवर चालायला जागा मिळत नाही, तिथे जेमतेम साडेआठ हजार लोक राहतात. घनता ३,००० च्या जवळपास. दिवसा तिथे पाच लाखांहून अधिक माणसं कामाला येतात, पण जनगणना माणूस झोपतो तिथे त्याला मोजते. तुमच्या नवऱ्याचं लंडनचं ऑफिस नेमकं याच ‘विरळ’ भागाच्या दाराशी आहे.

आपल्या भाषेत यासाठी दोन वेगळे शब्द आहेत आणि तुमच्या पत्रात ते एकमेकांत मिसळले आहेत : दाटी आणि गर्दी. दाटी घरांची असते, ती रात्रंदिवस तशीच राहते. गर्दी माणसांची असते, ती ठरावीक जागी आणि ठरावीक वेळी होते. तुम्हाला त्रास होतो तो गर्दीचा. तुम्ही मोजलीत ती दाटी. आणि या दोघींचं नातं सरळ नाही. बऱ्याचदा घरं विरळ असतात म्हणूनच गाडीत गर्दी होते, कारण विरळ शहरात कामाची जागा, शाळा, दुकान, दवाखाना हे सगळं लांब असतं आणि तिथे पोचायला प्रत्येकाला त्याच डब्यात चढावं लागतं.

पॅरिस इतकं दाट झालं कसं, हे समजून घ्या, कारण त्यातच तुमच्या बऱ्याच शंकांचं उत्तर आहे. लोकांना वाटतं दाटी म्हणजे मनोरे. पॅरिसच्या आत मनोरे मोजकेच. माँपार्नासचा २१० मीटरचा मनोरा १९७३ मध्ये उभा राहिला आणि लोक इतके चिडले की १९७७ मध्ये शहरानं इमारतींच्या उंचीवर ३७ मीटरची मर्यादा घातली. पॅरिसची दाटी त्याच्या कितीतरी आधीची. १८५३ ते १८७० या काळात बॅरन ओस्मान या प्रशासकानं जुनं शहर फोडून रुंद रस्ते काढले आणि त्यांच्या कडेनं सहा-सात मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. बाजूच्या इमारतीला खेटून, रस्त्याच्या अगदी कडेपर्यंत, पुढे बाग नाही, मध्ये फट नाही. मोकळी जागा आत, चौकात. तळमजल्यावर दुकानं, वर घरं, अगदी वर छपराखाली नोकरांच्या खोल्या. इतकी माणसं मुरवायला उंच जावं लागत नाही. फट न ठेवता बांधावं लागतं. म्हणूनच अकराव्या वॉर्डात घनता ३८,००० च्या घरात जाते आणि तरी मान वर केली की आकाश दिसतं.

लंडननं दुसरी वाट धरली. भुयारी रेल्वे तिथे जगात सर्वांत आधी, १८६३ मध्ये धावली. रेल्वे बाहेर बाहेर जात राहिली आणि तिच्यामागून घरं. दोन-तीन मजली, एकमेकांना चिकटून ओळीनं उभी, प्रत्येकाला मागे अरुंद का होईना, स्वतःचं अंगण. पुढे दोन महायुद्धांच्या मधल्या काळात बागेची जोडघरं आली. हे पसरणं थांबवण्यासाठीच ग्रीन बेल्ट आखला गेला. माणसामागे अंगण द्यायचं म्हटलं की शहर पसरणार, आणि शहर पसरलं की पायी पोचता येणार नाही. लंडनचा सर्वांत दाट बरो टॉवर हॅम्लेट्स. त्याची घनता १५,७०० च्या जवळपास, म्हणजे पॅरिसच्या सरासरीलाही पोचत नाही, आणि तिथे काचेचे उत्तुंग मनोरे आहेत!

मी या दोन्ही शहरांत राहिले आहे. आधी लंडनमध्ये, एका जुन्या घराचे तीन फ्लॅट केले होते त्यातल्या मधल्यात. नंतर पॅरिसमध्ये, चौकाकडे खिडक्या असलेल्या तिसऱ्या मजल्यावर. तुम्ही म्हणाल शांतता कुठे होती, तर मला उलटा अनुभव आला. लंडनमधली ती जुनी घरं एकाच कुटुंबासाठी बांधलेली, मजल्यांमध्ये लाकडी तुळया आणि फळ्या. वरच्या बाईचं पाऊल न् पाऊल माझ्या डोक्यात पडायचं. रात्री ती स्वयंपाकघरात गेली की खोलीत, हे मला झोपेतही कळायचं. खिडकीबाहेर मात्र पानाचा आवाज नाही. पॅरिसमध्ये वरच्या माणसाची पावलं तितकी जाणवली नाहीत, पण चौक म्हणजे ध्वनिक्षेपक. उन्हाळ्यात सगळ्यांच्या खिडक्या उघड्या. कुणाचं बाळ रडलं, कुणी ताट पाडलं, सगळं सगळ्यांना ऐकू. पहिले दोन महिने मी वैतागले. मग एकदा आजारी पडले तेव्हा समोरच्या खिडकीतल्या आजींनी, दोन दिवस माझ्या खिडकीची झडप उघडली नाही म्हणून, दार वाजवलं. दाटीतलं हे दुसरं अंग कुठल्या तक्त्यात येत नाही. तुम्ही वर्षभर दोन वर्षांच्या मुलाबरोबर दिवसभर घरी असणार आहात, म्हणून मुद्दाम सांगते. परक्या शहरात, नवरा दिवसभर बाहेर, भाषेची अडचण, अशा वेळी गर्दीपेक्षा एकटेपणा जास्त गुदमरवतो. हे मी फार जणींमध्ये पाहिलं आहे.

आता तुमच्या दिवसाकडे येऊ. निर्णय त्यावरून करा.

सकाळी डब्यात कोण चढणार? नवरा. तुम्ही पहिल्या वर्षी घरी आहात, त्यामुळे सकाळी आठ ते साडेनऊ आणि संध्याकाळी पाच ते सात या वेळा तुम्हाला सहज टाळता येतील. दोन्ही शहरांत सकाळी अकराचा डबा वेगळाच असतो. प्रश्न असा : तुम्हाला दिवसातून किती वेळा डब्यात चढावंच लागेल? पॅरिसमध्ये उत्तर ‘जवळजवळ नाही’ असं येऊ शकतं. शाळा, बाग, भाजीचा बाजार, औषधाचं दुकान, डॉक्टर हे सगळं दहा मिनिटांच्या चालण्यात असतं, आणि ते तसं असण्याचं कारण हीच ती दाटी. एका गल्लीत पुरेशी गिऱ्हाइकं असतात म्हणून दुकान टिकतं. कचरासुद्धा बहुतेक भागांत जवळजवळ रोज उचलला जातो. लंडनमध्ये आठवड्याला किंवा पंधरवड्याला. लंडनमध्येही प्रत्येक भागाची एक बाजारपेठेची गल्ली असते आणि ती छान असते, पण तिच्यापासून घर किती दूर आहे यावर सगळं ठरतं. बरेचदा बस लागते. बस मात्र उत्तम, आणि बाबागाडी आत ढकलता येते.

बाबागाडीवर थोडं थांबते, कारण याचा विचार निघण्यापूर्वी कुणी करत नाही. पॅरिसची मेट्रो १९०० मध्ये सुरू झाली. स्टेशनं जवळजवळ, साधारण अर्ध्या किलोमीटरवर एक, पण बहुतेक जुन्या स्टेशनांना लिफ्ट नाहीत. सगळ्या स्टेशनांवर लिफ्ट असलेली एकच मेट्रो लाइन, चौदावी. बाकी ठिकाणी एका हातात मूल आणि दुसऱ्या हातात गाडी घेऊन जिने. लंडनच्या भुयारी रेल्वेची २७२ स्टेशनं, त्यांतल्या साधारण तिसऱ्या हिश्श्यात पायरी न चढता फलाटापर्यंत जाता येतं. २०२२ मध्ये सुरू झालेल्या एलिझाबेथ लाइनच्या तर सगळ्या स्टेशनांवर रस्त्यापासून फलाटापर्यंत लिफ्टची सोय आहे. तुम्ही गुदमरता म्हणून आणखी एक सांगते. लंडनच्या खोल भुयारातल्या जुन्या लाइन, सेंट्रल, नॉर्दर्न वगैरे, यांचे बोगदे अरुंद आणि डबे वाकलेल्या छताचे. दाराजवळ उभं राहिलं तर मान तिरकी करावी लागते, आणि उन्हाळ्यात तिथली ऊब असह्य होते. त्यांत वातानुकूलन नाही. एलिझाबेथ लाइनचे डबे मोठे, लांब, थंड. लंडन निवडलंत तर या एका कारणासाठी घर एलिझाबेथ लाइनवर घ्या. पॅरिसमध्ये तेरावी लाइन आणि सकाळची आरईआर ‘ए’ (उपनगरांना जोडणारी रेल्वे) या दोघींपासून लांब राहा.

प्रवासभाड्याचा हिशेबही शहराच्या आकारातूनच येतो. लंडन झोनमध्ये कापलेलं आहे. जितकं बाहेर राहाल तितकं तिकीट महाग, गर्दीच्या वेळी आणखी महाग. पॅरिसच्या नाविगो पासाला २०१५ पासून सगळ्या प्रांतासाठी एकच दर. २०२५ मध्ये तो महिन्याला ८८.८० युरो होता आणि त्यातली निम्मी रक्कम नोकरी देणाऱ्यानं भरावी असा फ्रान्सचा कायदा आहे. लंडनमध्ये अकरा वर्षांखालची मुलं मोठ्यांबरोबर फुकट जातात.

घर हा खरा अवघड भाग, आणि तिथे मी तुमच्या भीतीच्या बाजूनं आहे. पॅरिसमध्ये घर लहान मिळेल. तुमच्या कंपनीच्या रकमेत दोन्हीकडे सारख्या खोल्या मिळाल्या तरी पॅरिसमधल्या खोल्या आखूड असतील. गुदमरणाऱ्या माणसाला रस्त्यावरच्या दाटीपेक्षा घरातली दाटी जास्त छळते, कारण तिथून उठून जायला जागा नसते. चार माणसांत एक दार असं हवं की जे लावून तुम्ही वीस मिनिटं एकट्या बसू शकाल. ते दार नसेल तर कुठलंच शहर तुम्हाला सोसणार नाही.

जाहिराती वाचताना फसू नका. फ्रान्समध्ये खोल्या मोजताना बैठकीची खोलीही धरतात. ‘तीन खोल्या’ म्हणजे दोन झोपायच्या आणि एक बसायची. स्वयंपाकघर, न्हाणीघर वेगळं. इंग्लंडमध्ये फक्त झोपायच्या खोल्या मोजतात. फ्रान्समध्ये भाडेकरारात घराचं क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये लिहावंच लागतं आणि पॅरिसमध्ये २०१९ पासून भाड्यावर पुन्हा कमाल मर्यादा आहे. लंडनमध्ये दोन्ही नाही, तेव्हा एजंटाकडे नकाशा मागा आणि मोजा. पॅरिसमध्ये छपराखालचा मजला कितीही सुंदर दिसला तरी घेऊ नका. ती जस्ताची छपरं उन्हाळ्यात तव्यासारखी तापतात, आणि २०१९ च्या जुलैत पॅरिसचा पारा ४२.६ अंशांवर गेला होता. लिफ्ट ‘आहे’ म्हटलं तर तिची रुंदी विचारा. जिन्याच्या पोकळीत नंतर कोंबलेल्या त्या लिफ्टांमध्ये बाबागाडी घडी न घालता जात नाही. लंडनमध्ये जुन्या घराचे फ्लॅट केलेले असतील तर वरच्या मजल्यावर कोण राहतं, ते विचारा. का, ते वर सांगितलंच आहे.

मी तुमच्या जागी असते तर? माझा कल पॅरिसकडे आहे, पण एका अटीवर : बाराव्या वॉर्डाच्या पूर्व भागात, दोमेनिल चौक ते वनाच्या मधल्या पट्ट्यात, साठ चौरस मीटरच्या वरचं, दोन दारं लागणाऱ्या खोल्यांचं घर मिळालं तर. तिथून गार द लिओंपर्यंत एका जुन्या रेल्वेमार्गावर केलेली बाग जाते, कुले व्हर्त. रेल्वे १९६९ मध्ये बंद झाली, मार्ग पडून होता, १९९३ पासून तो साडेचार किलोमीटरचा हिरवा रस्ता झाला, त्यातला काही भाग कमानींच्या पुलावरून, रस्त्याच्या वर. तुमचा नवरा अर्ध्या तासात झाडांखालून चालत ऑफिसला पोचेल. युरोपातल्या अतिदाट शहरात, एकही डबा न पकडता! तुमच्या ५,६०० च्या लंडनमध्ये लिव्हरपूल स्ट्रीटला चालत जाता येईल इतक्या जवळ चौघांचं घर तुमच्या रकमेत मिळणं मला कठीण वाटतं.

ते घर नाही मिळालं, आणि एजंट तुम्हाला पंचेचाळीस चौरस मीटरच्या ‘गोड’ फ्लॅटमध्ये बसवू लागला, तर बिनदिक्कत लंडन घ्या. फॉरेस्ट गेट बघा. एलिझाबेथ लाइननं लिव्हरपूल स्ट्रीट पंधराएक मिनिटांवर, आणि दुसऱ्या बाजूला वॉन्स्टेड फ्लॅट्सचं उघडं माळरान, ज्याचं टोक धुक्यात दिसत नाही. मागच्या अंगणात दोन वर्षांचं पोर सोडून देता येणं ही काय चीज आहे, हे पॅरिसच्या आईला विचारा. साडेचारला शाळा सुटली की तिथल्या बागेतल्या घसरगुंडीपुढे रांग लागते. पॅरिसची वनं टोकांना आहेत. मधल्या भागात हिरवळ कमी आणि आहे तिच्यावर माणसं फार. लंडनमध्ये बाग कुठे आहे हे शोधावं लागत नाही.

फ्रेंचबद्दल खोटा दिलासा देणार नाही. मुलगी सहा-आठ महिन्यांत बोलू लागेल; नव्यानं आलेल्या मुलांसाठी सरकारी शाळांत खास वर्ग असतात. धाकट्याची शाळा वयाच्या तिसऱ्या वर्षीच सुरू होईल. फ्रान्समध्ये ती २०१९ पासून सक्तीची आहे आणि सरकारी शाळा फुकट. मग तुम्हाला दिवस मोकळा मिळेल. पण पहिलं वर्ष तुम्हालाच जड जाईल, नवऱ्याला नाही. आठवड्यातून तीन सकाळी भाषेचा वर्ग आणि तेवढा वेळ मुलाला सांभाळण्याची सोय, हे दोन्ही कंपनीकडून लेखी मागून घ्या. ते द्यायला तयार नसतील तर माझा कल बदलतो, लंडनकडे.

आणखी एक, जरा हळू आवाजात. श्वास कोंडणं, घाम सुटणं ही नुसती नावड नव्हे. निघण्याआधीच्या या महिन्यात समुपदेशकाला किंवा डॉक्टरांना भेटा. यावर चांगले उपाय आहेत. शहर कुठलंही निवडलंत तरी ही गोष्ट तुमच्याबरोबर विमानात बसणार आहे, आणि तिच्यावर इलाज आपल्या भाषेत, ओळखीच्या माणसाकडे सुरू झालेला बरा.

कंपनी घर बघायला पाठवते का, विचारा. पाठवत असेल तर रविवारी जाऊ नका. मंगळवार धरा. सकाळी सव्वाआठला घराच्या जवळच्या फलाटावर दहा मिनिटं नुसत्या उभ्या राहा. चढू नका, फक्त बघा. मग शाळा सुटताना शाळेपाशी आणि रात्री दहाला घराच्या खिडकीखाली. त्या तीन वेळांत तुम्हाला कसं वाटतं ते वहीत लिहा आणि तुमच्या तक्त्याशेजारी ठेवा.

मुलीच्या अटीचं : कुले व्हर्तच्या पुलावरच्या भागात सायकल चालत नाही, हे तिला आधीच सांगून ठेवा, नाहीतर रुसेल. बुआ द व्हँसेनमध्ये दोमेनिल तळ्याच्या बाजूला मात्र मोकळे रस्ते आहेत आणि रविवारी त्यांतले काही गाड्यांना बंद असतात. लंडन झालं तर व्हिक्टोरिया पार्क, १८४५ पासूनची बाग, रुंद सपाट वाटा, सायकलला परवानगी. दोन्हीकडे पहिल्या दिवशी धाकट्याला बाबागाडीत घट्ट बांधा. तो तिच्या मागे धावणार.

– तुमची ताई